सर्व्हर दुसऱ्या गावी जातो त्या रात्री

घाटकोपरच्या आमच्या वस्तीत भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. गेली बावीस वर्षे त्या पहाटेच्या गाडीने दादरला जातात, बाजारातून माल उचलतात आणि आठ वाजायच्या आत आपल्या जागेवर येऊन बसतात. पाऊस असो, थंडी असो, यात खंड नाही. अशा मावशी एका रविवारी रिकामी पाटी घेऊन परत आल्या. आम्ही विचारपूस केली तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, खात्यात पैसे आहेत, पण फोनमधून निघेनात. चार वेळा केलं. व्यापारी म्हणाला, मावशी, नवा माल आहे, रोख द्या. रोख कुठली आणू त्या वेळी? एटीएमबी बंद."

रविवार हा भाजीवाल्याचा कमाईचा दिवस. तो त्यांचा फुकट गेला. दुपारी त्यांच्या नातवाने फोन तपासला, तेव्हा गुरुवारी आलेला बँकेचा संदेश सापडला. तो इंग्रजीत होता. शनिवारी रात्री साडेबारापासून रविवारी पहाटे साडेपाचपर्यंत 'डीआर ड्रिल' असल्यामुळे यूपीआय, एटीएम व मोबाइल बँकिंग बंद राहील, असे त्यात लिहिले होते. नातू आठवीत शिकतो. डीआर म्हणजे डॉक्टर असे त्याला वाटले. कुठल्यातरी दवाखान्याची जाहिरात असेल म्हणून त्याने तो संदेश आजीला वाचून दाखवलाच नव्हता.

सोमवारी आम्ही मावशींबरोबर शाखेत गेलो. अधिकारी सभ्य होते. त्यांनी बसवून घेतले, समजावून सांगितले. ते म्हणाले, "ही परीक्षा आम्हाला घ्यावीच लागते. आणि वेळ आम्ही मुद्दाम सर्वांत कमी गर्दीची निवडतो."

कमी गर्दी कोणाची, हा प्रश्न तेव्हाच आमच्या मनात आला. पहाटे चार वाजता दादरचा बाजार गजबजलेला असतो. दूधवाले, पेपरवाले, सफाई कामगार, रात्रपाळी संपवून घरी निघालेले पहारेकरी आणि रिक्षावाले हे सगळे त्या वेळी जागे असतात आणि त्यांचे पैसे हलत असतात. साहेब लोक झोपलेले असतात एवढेच खरे. पण परीक्षा घ्यावी लागते हे त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. ही परीक्षा कसली, ती का घ्यावी लागते आणि तिच्यासाठी ग्राहकाला तयार करणे म्हणजे काय, हे आपल्या घराघरांत कळायला हवे असे आम्हाला वाटले, म्हणून हा लेख.

बिनखिडक्यांच्या इमारती

ठाणे-बेलापूर रस्त्याने गेलेल्यांना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठ्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसल्या असतील. एके काळी या पट्ट्यात रासायनिक आणि औषधांचे कारखाने होते. आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका तिथे पाळीवर जात. आता त्यांतल्या कित्येक जागांवर डेटा सेंटर उभी आहेत. आत माणसे थोडी आणि यंत्रे फार. रांगेने लोखंडी कपाटे, कपाटांत सर्व्हर, आणि ती तापू नयेत म्हणून रात्रंदिवस चालणारी थंड हवा. आपण ज्याला 'क्लाउड' म्हणतो, ढग म्हणतो, तो वर आभाळात नाही. तो अशा इमारतींत आहे. आपले खाते, रेशन दुकानातल्या यंत्रामागची नोंद, मुलांचा शिष्यवृत्तीचा अर्ज, गॅसचे बुकिंग, हे सगळे अशाच कोठल्यातरी कपाटात असते.

आमच्या ओळखीचा एक तरुण तिथे कंत्राटावर जनरेटर सांभाळतो. त्याने एक गोष्ट फार चांगली सांगितली. वीज गेली की पहिली काही मिनिटे बॅटऱ्या भार उचलतात, तेवढ्यात जनरेटर सुरू होतो. हे कागदावर सोपे आहे. पण जनरेटर नुसता रिकामा चालवून पाहिला तर तो नेहमीच चालतो. खरा भार अंगावर पडला की कुठे पाइप गळतो, कुठे बॅटरीच मेलेली निघते. "म्हणून आम्ही ठरावीक दिवशी भार टाकूनच चालवतो. रिकाम्या बैलाची ताकद कळत नाही, गाडी जुंपावी लागते," असे तो म्हणाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. तो दिवस वाचकांना आठवत असेल. अशा दिवशी कोणाची तयारी खरी आणि कोणाची कागदावरची, ते आपोआप कळते.

वीज ही एक गोष्ट झाली. अख्खे केंद्रच बंद पडले तर काय करायचे? आग लागली, पाणी शिरले, बाहेरच्या तारा तुटल्या, तर? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता हे आपण विसरलेलो नाही. म्हणून जबाबदार संस्था आपल्या नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवतात. एक केंद्र मुंबईत, तर दुसरे चेन्नईला किंवा हैदराबादला. पहिले पडले की दुसऱ्याने कारभार उचलायचा. याला या धंद्यात 'फेलओव्हर' म्हणतात. आणि सगळे सुरळीत असताना, दिवस-वेळ आधी जाहीर करून, मुद्दाम पहिले केंद्र बाजूला ठेवून दुसऱ्यावर कारभार चालवून पाहायचा, ही झाली त्याची परीक्षा.

दुसरी प्रतच नसेल तर काय होते याचे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा थांबल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ज्या साठ्यात होती, त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. तो ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. तंत्रज्ञानात पुढारलेला म्हणून ज्या देशाचे नाव घेतात, तिथली ही कथा.

केंद्र होते, पण वापरले नाही

आपल्या मुंबईचे उदाहरण वेगळे आहे. इथे दुसरी प्रत होती. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्सचेंजचा बाजार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला. एक्सचेंजचे मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, एक जवळचे केंद्र कुर्ल्याला आणि दूरचे पर्यायी केंद्र चेन्नईला. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या तारा घेतलेल्या होत्या, हेतू हा की एक तुटली तर दुसरी चालेल. त्या दिवशी दोन्हींत बिघाड झाला. वाटेतल्या खोदकामामुळे असे झाल्याचे कंपन्यांनी कळवले, असे एक्सचेंजने सांगितले. त्यातून नोंदी साठवणारी यंत्रणा अडकली आणि व्यवहारांची जोखीम तपासणारी व्यवस्था बंद पडली. चेन्नईचे केंद्र असूनही कारभार तिकडे नेला गेला नाही. दुपारी पावणेचारला बाजार पुन्हा उघडला आणि त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. मधले चार तास ज्यांचे सौदे अर्धवट राहिले, ते लोक हात चोळत बसले.

महिन्याभरात, २२ मार्च २०२१ रोजी, सेबीने नियम कडक केले. बिघाड झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत 'आपत्ती' जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून कामकाज सुरू करायचे. त्यासाठी नेमाने सराव करायचा, आणि तोही नुसता लुटुपुटीचा न ठेवता पर्यायी केंद्रावरून खरा बाजार चालवून दाखवायचा. पर्यायी केंद्र शक्यतो भूकंपाच्या वेगळ्या पट्ट्यात असावे असेही सेबी सांगते.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हीच कडक भूमिका घेतलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमधली वीज गेल्याने ग्राहकांच्या सेवा अडल्या. अशा घटना त्याआधीही घडल्या होत्या. डिसेंबरच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला नव्या डिजिटल सेवा आणि नवी क्रेडिट कार्डे देणे थांबवायला सांगितले. हा निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडले. तेव्हा शाखेतले अधिकारी "परीक्षा घ्यावीच लागते" म्हणाले, त्यामागे एवढा इतिहास आहे.

आता परीक्षेसाठी लोकांना तयार कसे करतात ते पाहू. शनिवार, २ मार्च २०२४. शेअर बाजाराला शनिवारी सुट्टी असते, म्हणूनच तो दिवस निवडला. सकाळी सव्वानऊ ते दहा बाजार मुख्य केंद्रावरून चालला. मग दीड तास थांबून साडेअकरा ते साडेबारा तोच बाजार पर्यायी केंद्रावरून चालवला. कोणाचे मोठे नुकसान होऊ नये म्हणून त्या दिवशी भावाची चढउतार ५ टक्क्यांपर्यंत बांधून ठेवली होती. ही परीक्षा आधी २० जानेवारीला ठरली होती, पण २२ जानेवारीला सुट्टी जाहीर झाली आणि २० तारखेला बाजार पूर्ण दिवस भरवला गेला, म्हणून परीक्षा पुढे गेली. १८ मे २०२४ रोजी, पुन्हा शनिवारीच, तशीच दुसरी परीक्षा झाली. तारीख बदलली तेव्हा ती सर्व दलालांना परिपत्रकाने कळवावी लागली, कारण अशा परीक्षेत एकटे एक्सचेंज बसत नाही. त्याच्या तारेला जोडलेला प्रत्येक दलाल बसतो. दलालाची तार नव्या ठिकाणी पोहोचत नसेल, तर एक्सचेंज पास आणि दलाल नापास. आणि दलालाचा गिऱ्हाईक तर विनापराध नापास.

नाव वहीत नसलेला पाहुणा

हे सगळे मोठ्यांचे झाले. आमच्या ओळखीची एक ताई लालबागकडच्या एका छोट्या कामगार पतपेढीत कारकून आहे. वडील गिरणीत होते, हिने बी.कॉम. करून ही नोकरी धरली. पतपेढीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर एका कंपनीकडून भाड्याने घेतलेले, सर्व्हर क्लाउडमध्ये. एक दिवस कंपनीचे पत्र आले. दोन आठवड्यांनी शनिवारी रात्री अकरा वाजता मुंबईचा कारभार परीक्षेसाठी हैदराबादला नेणार, आठवडाभर तिथूनच चालवणार, ग्राहकांनी आपले नेटवर्क तयार ठेवावे. पत्र इंग्रजीत आणि चार पानी. चेअरमननी ते वाचून "हे कंपनीचं काम आहे, आपल्याला काय करायचंय?" म्हणून टेबलावर ठेवून दिले.

ताईने ते घरी नेले. शब्दकोश घेऊन बसली, मोबाइलवर शोधले, आणि तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर तिचे बोट थांबले. 'आपल्या फायरवॉलमध्ये खालील नवे आयपी पत्ते मान्य करून घ्यावेत.'

ही ओळ काय सांगते ते आम्ही आपल्या भाषेत सांगतो. सोसायटीच्या दारावर पहारेकरी असतो. त्याच्याकडे एक वही असते. वहीत ज्याचे नाव, त्याला आत सोडायचे, बाकीच्यांना बाहेर ठेवायचे. कार्यालयाच्या नेटवर्कला असाच एक पहारेकरी असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. आजवर त्याच्या वहीत मुंबईच्या सर्व्हरचा पत्ता होता. परीक्षेच्या रात्री तोच सर्व्हर, तेच काम, पण हैदराबादच्या पत्त्यावरून येणार. पहारेकऱ्याने नवा पत्ता वहीत पाहिला नाही तर तो दार उघडणार नाही. त्यात त्याची चूक काहीच नाही. चूक वही लिहिणाऱ्याची.

दुसरी भानगड नाव आणि पत्त्याची. आपण संगणकात सर्व्हरचे नाव लिहितो. त्या नावाला सध्या कोणता पत्ता आहे हे इंटरनेटच्या एका डायरीत पाहिले जाते, तिला डीएनएस म्हणतात. प्रत्येक वेळी डायरी उघडायला नको म्हणून संगणक तो पत्ता थोडा वेळ लक्षात ठेवतो. चांगली कंपनी परीक्षेच्या आधीच हा 'थोडा वेळ' काही मिनिटांवर आणते, म्हणजे पत्ता बदलला की सगळ्यांना लवकर समजतो. पण जिथे कोणी शहाण्याने नावाऐवजी थेट पत्ताच यंत्रात हाताने लिहून ठेवलेला असतो, तिथे डायरी कितीही बदला, यंत्र जुन्याच दारावर टकटक करत राहते.

पत्रात तपासणीची सोय दिलेली होती. पतपेढीच्या संगणकावरून एक ठरावीक पान उघडून पाहायचे. उघडले तर रस्ता मोकळा. ताईने उघडले, ते उघडले नाही. चार वर्षांपूर्वी ज्याने राउटर बसवला होता त्या माणसाला शोधून आणावे लागले. त्याने मुंबईचा एकच पत्ता मान्य केलेला होता. पाचशे रुपये घेऊन त्याने नवे पत्ते घातले. काम दहा मिनिटांचे होते, माणूस सापडायला मात्र चार दिवस लागले. दोन आठवडे आधी पत्र आले नसते तर?

मग पिग्मी एजंटांच्या हातातली यंत्रे. पाच एजंट, पाच यंत्रे. दोन यंत्रे जुनी निघाली, त्यांत पत्ता हाताने लिहिलेला. ती कंपनीकडून बदलून आली. ताईने आणखी एक गोष्ट केली, जी पत्रात नव्हती. शनिवारी कामकाज संपताना सर्व सभासदांच्या शिलकीची यादी छापून घेतली, कार्बनचे पावतीपुस्तक काढून ठेवले आणि त्या दिवसाच्या शेवटच्या पावतीचा नंबर वहीत लिहिला. का, तर एका केंद्रातली नोंद दुसऱ्या केंद्रात पोहोचायला थोडा वेळ लागतो. अचानक बिघाड झाला तर वाटेतल्या नोंदी हरवू शकतात. आधी ठरवलेल्या परीक्षेत नवे व्यवहार थांबवून, उरलेल्या नोंदी पलीकडे पोहोचू देऊन मगच बदल करतात, म्हणून हरवायला नको. पण नको म्हणजे नाहीच असे कोणी सांगावे? रविवारी सकाळी ती स्वतःहून कार्यालयात गेली, शेवटच्या पावतीचा नंबर ताडून पाहिला, आपल्या स्वतःच्या खात्यात एक रुपया भरून पाहिला. जमले.

सगळेच मात्र जमले नाही. एका एजंटाने शनिवारची वसुली रात्री अकराच्या आत पाठवली नव्हती. त्याच्या यंत्रात ती तशीच पडून होती. रविवारी ती पोहोचली, पण तारीख रविवारची पडली. एकेचाळीस सभासदांच्या पासबुकात हाताने दुरुस्ती करावी लागली. आणि आठवड्याने कारभार मुंबईला परत आणायचा होता, त्याचे पत्र कंपनीने फक्त दोन दिवस आधी पाठवले. जाताना दोन आठवडे आणि येताना दोन दिवस, याला काय म्हणावे? परतीची फेरी हीसुद्धा परीक्षाच असते आणि पुष्कळदा घोळ तिथेच होतो, असे जनरेटरवाल्या तरुणानेही आम्हाला सांगितले होते.

ताईने केलेल्या या कामाबद्दल पतपेढीच्या वार्षिक अहवालात एक ओळही नाही. सर्व्हर दुसऱ्या गावी जाऊन आला हे सभासदांना समजलेच नाही, मग अहवालात लिहिणार काय!

सूचना कोणासाठी लिहायची

मावशींच्या बँकेने सूचना दिली नाही असे कोणी म्हणू शकत नाही. संदेश गेला होता. पण शाखेतले फलक मराठीत, हिंदीत, इंग्रजीत असावेत असा दंडक असताना, मावशींच्या फोनवर मात्र इंग्रजीच जाते. 'डीआर ड्रिल' या शब्दांऐवजी 'रविवारी पहाटे साडेपाचपर्यंत फोनवरून पैसे देता येणार नाहीत, रोख जवळ ठेवा' एवढे एक मराठी वाक्य पुरे होते. ग्राहकाला केंद्राचे नाव नको असते. त्याला काय बंद, कधीपासून कधीपर्यंत, काय चालू राहील, आणि अडले तर कोणाला विचारायचे, इतकेच हवे असते.

चांगली उदाहरणेही आहेत. ज्या एचडीएफसी बँकेवर २०२० मध्ये निर्बंध आले होते, तिनेच १३ जुलै २०२४ रोजी आपली मुख्य खातेवही नव्या यंत्रणेवर नेली. ही फेलओव्हरची परीक्षा नव्हती, पण ग्राहकाच्या दृष्टीने गोष्ट तीच. दुसरा शनिवार निवडला, पहाटे तीन ते दुपारी साडेचार असा काळ जाहीर केला. त्यातही यूपीआय कोणत्या वेळात चालणार नाही ते वेगळे सांगितले, पहाटे तीन ते पावणेचार आणि सकाळी साडेनऊ ते पावणेएक. पैसे आदल्या दिवशीच काढून ठेवा असे कळवले. एवढे नेमके सांगितले की गरीब माणूससुद्धा आपली सोय पाहू शकतो. पहाटे चार वाजता माल घेणारा त्या वेळापत्रकात आपली वेळ शोधू शकला असता.

आमचे तर असे म्हणणे आहे की वेळ ठरवताना कार्यालयातल्या आकड्यांवर विसंबून चालणार नाही. रात्री तीनला व्यवहार थोडे होतात हे खरे, पण त्या थोड्यांत ज्यांचा पूर्ण दिवस अडकलेला असतो असे लोक जास्त आहेत. दुपारी दोनला पैसे अडकले तर साहेब अर्ध्या तासाने पुन्हा देईल. पहाटे चारला अडकले तर मावशींचा दिवस गेला.

घरात काय करावे

ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. चहाची टपरीसुद्धा त्यावर चालते. तेव्हा बँकेचा संदेश हा जाहिरात समजून टाकून देण्याचे दिवस राहिलेले नाहीत. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींवर हे काम सोपवावे, की शुक्रवारी संध्याकाळी आजी-आजोबांच्या फोनवरचे बँकेचे संदेश वाचून मराठीत सांगायचे. धंदा करणाऱ्याने एका दिवसाच्या मालापुरती रोख घरात ठेवावी. जमल्यास दुसऱ्या बँकेत लहानसे खाते असावे, कारण दोन बँकांची परीक्षा एकाच रात्री सहसा येत नाही. पाच डिसेंबरच्या किंवा तेरा एप्रिलच्या रात्री प्रवासाला निघणाऱ्यांनी तर नुसत्या फोनवर भिस्त ठेवूच नये.

पैसे अडकले तर पुनःपुन्हा बटण दाबू नये. मावशींनी चार वेळा दाबले, तसे आपण सगळेच दाबतो. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय देशभर अडखळले. त्याचे कारण तपासले तेव्हा आढळले की काही बँकांकडून 'व्यवहार झाला का, झाला का' अशा विचारणांचा पूर आला होता. परीक्षेनंतर नवे केंद्र उघडते त्या क्षणीही हीच चेंगराचेंगरी होते, थांबलेली गाडी फलाटावर लागली की होते तशी. दहा मिनिटे थांबून, एकदाच करून पाहावे.

खात्यातून पैसे कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर घाबरू नये. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार माणसाने माणसाला पाठवलेले यूपीआयचे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. एटीएममधून नोटा न येता पैसे कापले गेले तरी मुदत पाच दिवसांची. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाच्या खात्यात जमा व्हायला हवी, आणि ती मागावी लागू नये असा नियम आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

आणखी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. अशा परीक्षेच्या दिवसांत ठगांचे फोन येतात. "मी बँकेतून बोलतोय, सर्व्हर बदलतोय, तुमचं खातं नव्या सर्व्हरवर न्यायचं आहे, ओटीपी सांगा." आता वाचकांना कळलेच आहे की खाते एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्यासाठी तुमच्या ओटीपीची गरज कोणालाच नसते. पतपेढीतले हजार-बाराशे सभासद हैदराबादला जाऊन आले, एकालाही कोणी नंबर विचारला नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा, आणि फसगत झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

परवा शाखेतल्या त्याच अधिकाऱ्यांनी मावशींना बोलावून घेतले. पुढच्या परीक्षेची तारीख आली होती. या खेपेस त्यांनी शाखेच्या दारावर मराठीत कागद लावला होता, हाताने लिहिलेला. वेळ मात्र तीच, साडेबारा ते साडेपाच. "वेळ वरून ठरते, मावशी," ते म्हणाले. आम्ही त्यांच्याकडून वरच्या कार्यालयाचा पत्ता घेतला आहे. बाजारातल्या भाजीवाल्या, फुलवाल्या आणि माथाडी कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार होतो आहे. परीक्षा बंद करा असे त्यात लिहिलेले नाही. ती रात्री साडेअकराला सुरू करून साडेतीनच्या आत संपवता येईल का, एवढेच विचारले आहे. मावशींचा अंगठा नाही, सही आहे, पहिल्याच ओळीत.